रसायनशास्त्रातील साक्षीपुरावा

पालकाच्या भाजीत लोह विपुल असते, ही समजूत घरोघरी इतकी रुजली आहे की तिच्याविषयी पुरावा मागणे हा अगोचरपणा वाटावा. मुलगी फिकट दिसू लागली, बाळंतीण अशक्त झाली, की पहिला उपाय म्हणून पालकाची जुडी घरात येते. शिकलेल्या मंडळींत मात्र याच पालकाविषयी दुसरी एक गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. ती अशी की, १८७० च्या सुमारास एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पालकातील लोहाचे प्रमाण काढले. पण ते लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकले आणि खऱ्या प्रमाणाच्या दसपट आकडा छापला गेला. पुढे कित्येक वर्षे ही चूक कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि तिच्याच बळावर चित्रकथेतील पॉपाय नावाचा खलाशी पालक खाऊन बलदंड झाला! छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हा धडा देण्यासाठीच ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते.

मौज अशी की, ही दुसरी गोष्टही निराधार आहे. १९८१ मध्ये हँब्लिन नावाच्या इंग्रज रक्तविकारतज्ज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या प्रसिद्ध नियतकालिकात ती लिहिली. पण तिला आधार म्हणून कोणताही मूळ लेख दाखविला नाही. नियतकालिक नामांकित, लेखक जाणता. मग शंका कोण घेणार? पुढच्यांनी ती त्याच्यावरून घेतली, आणखी पुढच्यांनी त्यांच्यावरून. २०१० मध्ये नॉटिंगहॅम येथील माइक सटन यांनी एकेक दाखला तपासत मागे जाण्याचा खटाटोप केला, तेव्हा त्या सरकलेल्या दशांशचिन्हाचा मागमूस कोठेच लागला नाही. पॉपायनेदेखील १९३२ मधील एका चित्रपट्टीत पालकाचे श्रेय लोहाला नव्हे, तर अ जीवनसत्त्वाला दिले आहे, हेही त्यांनीच उजेडात आणले. सटन हे गुन्हेशास्त्राचे अध्यापक. रसायनशास्त्रातील वदंता उघडकीस आणण्यास गुन्हेशास्त्राचा माणूस लागावा, हे एका परीने योग्यच झाले. कारण हे काम साक्षीदार तपासण्याचेच आहे.

न्यायालयात ऐकीव साक्षीला फारशी किंमत नसते. 'मी पाहिले' आणि 'मला अमक्याने सांगितले' यांत न्यायाधीश भेद करतो. रसायनशास्त्रातील लिखाणालाही हाच भेद लागू पडतो. ज्याने पदार्थ स्वतः तराजूत घातला, तापविला, विरघळविला आणि जे आढळले ते लिहिले, त्याचा निबंध ही मूळ साक्ष. अशा पुष्कळ निबंधांचे मंथन करून एखाद्या तज्ज्ञाने लिहिलेले समालोचन, त्यावरून झालेले पाठ्यपुस्तक, पाठ्यपुस्तकावरून निघालेले मार्गदर्शक आणि शेवटी वर्तमानपत्रातील 'आरोग्याच्या चार गोष्टी' ही सारी उत्तरोत्तर ऐकीव साक्ष होय. ऐकीव म्हणून ती खोटी असते असे मुळीच नाही. चांगले समालोचन एकट्या निबंधापेक्षा अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यात दहा साक्षीदार एकमेकांसमोर उभे केलेले असतात. परंतु ऐकीव साक्षीदाराने आपण कोणाकडून ऐकले हे सांगितले पाहिजे. तेवढेही न सांगता जो नुसता 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' असे म्हणतो, त्याच्या म्हणण्याचा माग काढण्याची वाटच त्याने बंद केलेली असते.

आता पालकातील लोहाचा आकडा घेऊ. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकात १०० ग्रॅम ताज्या, कच्च्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह दिले आहे. या आकड्याला चिकटलेली 'ताज्या' आणि 'कच्च्या' ही दोन विशेषणे ओलांडून पुढे गेले की घोटाळा झालाच म्हणून समजावे. ताज्या पालकात शंभर भागांत जवळजवळ ९१ भाग पाणी असते. तीच भाजी खडखडीत वाळविली तर १०० ग्रॅम चुऱ्यात तीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरेल. दोन्ही आकडे खरे, पण एक दुसऱ्याच्या दसपटीहून मोठा! दशांशचिन्ह सरकविण्याची गरजच नाही. 'वाळलेला' हा एक शब्द गाळला की तेवढेच काम होते. शिवाय नमुन्यावर चिकटलेली माती, तो कापणारी सुरी, शिजविण्याचे भांडे, एवढेच काय पण परीक्षेसाठी वापरलेली रसायनेही आपापले लोह त्यात मिसळू शकतात. जुन्या काळच्या पृथक्करणांत ही पीडा नेहमीची होती.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. परदेशी कोष्टकांतील पालक म्हणजे स्पिनेशिया ओलेरेसिया ही वनस्पती. आपल्या मंडईत पालक म्हणून जी जुडी मिळते, ती पुष्कळदा बीटच्या कुळाला अधिक जवळची, निराळ्याच जातीची पालेभाजी असते. तेव्हा आकडा वाचताना पहिला प्रश्न 'किती?' हा नसून 'कशाचा?' हा असावयास हवा. वनस्पतीच्या बाबतीत जात, क्षाराच्या बाबतीत त्यातील स्फटिकजल, आम्लाच्या बाबतीत त्याची तीव्रता. मोरचूद निळा आहे की तापवून पांढरा केलेला आहे हे न सांगता त्यातील तांब्याचे शेकडा प्रमाण सांगणाऱ्या पुस्तकाने काहीच सांगितले नाही असे समजावे.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. ती एकट्या पालकातून भागवावयाची तर दररोज किलोभराहून अधिक भाजी पोटात गेली पाहिजे. आणि वनस्पतीतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, हे वेगळेच. रक्तक्षयाने खंगलेल्या मुलीला महिनोन्महिने नुसत्या पालकावर ठेवून डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करणाऱ्या घरात या ऐकीव साक्षीची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

येथपर्यंत प्रश्न ऐकीव साक्षीचा होता. परंतु स्वतः प्रयोग करणाऱ्याने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, संपूर्ण प्रामाणिकपणे दिलेली साक्षही चुकीची निघू शकते. याचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

१९६२ च्या सुमारास रशियातील कोस्त्रोमा या गावी निकोलाय फेद्याकिन नावाचा संशोधक केसासारख्या बारीक काचनळ्यांत पाण्याचे वर्तन अभ्यासत होता. मिटलेल्या नळीत वाफ थिजून जो द्रव जमे, तो साध्या पाण्याहून दाट आणि चिकट आहे असे त्याला आढळले. मॉस्कोचे बोरिस डेर्यागिन यांनी हे काम आपल्या हाती घेतले. डेर्यागिन हे काही भोंदू नव्हते; द्रवातील सूक्ष्म कणांच्या परस्पर आकर्षणाविषयीचा त्यांचा सिद्धांत आजही शिकविला जातो. त्यांच्या प्रयोगशाळेतून वार्ता आली की हे पाणी शून्याखाली चाळीस अंशांच्या सुमारास गोठते, शंभर अंशांवर उकळत नाही आणि त्याची घनता साध्या पाण्याहून बरीच अधिक आहे. १९६६ मध्ये इंग्लंडातील एका परिषदेत डेर्यागिन यांनी ही हकीकत सांगितली आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळांतही नळ्यांचे कारखाने सुरू झाले. १९६९ मध्ये अमेरिकेतील लिपिनकॉट आणि त्यांचे सहकारी यांनी त्या द्रवाचा अवरक्त वर्णपट घेतला. तो ज्ञात पदार्थांच्या वर्णपटांशी जुळत नव्हता. म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांत गुंफून हा नवाच पदार्थ झाला असावा असे ठरवून त्यांनी त्याचे 'पॉलिवॉटर' असे बारसेही केले. शेकडो निबंध निघाले. हे पाणी बाहेर सांडले तर पृथ्वीवरील सारे पाणी त्याच्या संसर्गाने घट्ट होऊन जाईल, अशी धोक्याची सूचनाही एका प्राध्यापकाने 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली!

या साऱ्यात साक्षीदारांची उणीव होती काय? मुळीच नाही. अनेक देशांतील अनेक हातांनी तो द्रव बनविला होता, आणि 'प्रयोगाची पुनरावृत्ती झाली' असे म्हणण्यास जागा होती. उणीव होती ती नमुन्याची. एका नळीत निघणारा द्रव इतका अल्प असे की त्याचे नेहमीचे रासायनिक पृथक्करण करणे जवळजवळ अशक्य होते. तो शुद्ध पाणीच आहे, हे सिद्ध झालेले नव्हते. गृहीत धरलेले होते. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रूसो यांनी अशा द्रवाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट अशी मंडळी गर्दी करून बसलेली आढळली. रूसो यांनी मग एक अगदी साधी गोष्ट केली. खेळून आल्यावर घामाने भिजलेला आपला सदरा त्यांनी पिळला आणि त्या घामाचा वर्णपट घेतला. तो पॉलिवॉटरच्या वर्णपटाशी जवळजवळ हुबेहूब जुळला. १९७१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन्ही वर्णपट शेजारी शेजारी छापून आले. १९७३ मध्ये डेर्यागिन यांनी स्वतः मान्य केले की त्या द्रवाचे विलक्षण गुण पाण्याचे नसून त्यात विरघळलेल्या अशुद्धींचे होते. एवढी कीर्ती पणाला लागलेली असताना जाहीरपणे असे लिहिणे सोपे नसते. त्या कबुलीमुळे त्यांच्या इतर कामावरील विश्वास वाढावयास हवा.

जाणत्या रसायनशास्त्रज्ञांना या प्रकरणी आरंभीच शंका आली होती, ती प्रयोग न करताच. पॉलिवॉटर साध्या पाण्याहून अधिक स्थिर असेल आणि काचेच्या किंवा गारगोटीच्या स्पर्शाने ते तयार होत असेल, तर कोट्यवधी वर्षे वाळूवर पसरलेल्या समुद्राचे पाणी साधे कसे उरले? नवा दावा जुन्या, पक्क्या ज्ञानाशी भिडतो तेव्हा तो खोटाच असतो असे नाही. पण त्याने आणावयाचा पुरावा तितकाच भारी असला पाहिजे. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, 'विशिष्ट रचनेचे पाणी' देणारी महागडी यंत्रे आजही विकली जातात. द्रवरूप पाण्यात रेणूरेणूंमधील बंध एका सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी वेळात तुटतात आणि नव्याने जुळतात. यंत्रातून पेल्यात पडेपर्यंत त्या रचनेचे काय उरणार? विक्रेत्याच्या पत्रकाला ही अडचण विचारून पाहावी. त्या पत्रकातील साक्षीदाराला खटल्याच्या निकालात पैशाचा लाभ आहे, हेही विसरू नये.

मग चांगली साक्ष कशी असते? लॉर्ड रॅली यांची पाहावी. त्यांनी नत्रवायू दोन रीतींनी मिळविला: हवेतून प्राणवायू काढून टाकून, आणि नत्रवायूच्या संयुगांचे विघटन करून. एकाच गोलकात भरून तोलले असता हवेतील नत्रवायू सुमारे २.३१० ग्रॅम भरला आणि संयुगांतील सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक शेकडा अर्धा. दुसरा कोणी असता तर तो तराजूच्या माथी मारून मोकळा झाला असता, आणि दोहोंची सरासरी छापून कामही संपविले असते. आरंभी, अमोनियाच्या रीतीत थोडी हवा वापरली जात होती तोवर, हा फरक हजारात एक एवढाच दिसत होता. रॅली यांनी हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरून तो मुद्दाम वाढू दिला, म्हणजे तो खरा की भासमान हे स्पष्ट व्हावे. १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून हा न जुळणारा आकडा सर्वांसमोर ठेवला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे त्याचा उलगडा मागितला. विल्यम रॅम्से त्यांना येऊन मिळाले, आणि १८९४ मध्ये हवेतील नव्या वायूची, आर्गॉनची, घोषणा झाली. कॅव्हेंडिशने १७८५ मध्येच असा एक न विरघळणारा बुडबुडा शिल्लक राहिल्याचे नोंदवून ठेवले होते. नत्रवायूच्या एकशेविसाव्या भागाहून तो मोठा नाही, हे मापही त्याने लिहिले होते. शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही ती नोंद उपयोगी पडली, कारण तिच्यात आकडा होता.

तरीही आर्गॉनला विरोध झाला. खुद्द मेंडेलेव्ह यांना तो तीन अणूंचा नत्रवायू असावा असे वाटले. वायूचे आणखी नमुने, त्याचा वर्णपट, त्याची घनता अशा निरनिराळ्या साक्षी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या, तेव्हा शंका विरली. एकाच उपकरणाने दहा वेळा काढलेला आकडा आणि तीन भिन्न उपकरणांनी एकेकदा काढलेला आकडा यांत दुसरा अधिक बळकट. कारण पहिल्यात एकच दोष दहा वेळा डोकावू शकतो. पॉलिवॉटरचे नेमके तेच झाले होते.

छापील मजकूर तपासून घेण्याची एक नमुनेदार पद्धत 'ऑर्गॅनिक सिंथेसेस' या अमेरिकन वार्षिकाने १९२१ पासून चालविली आहे. सेंद्रिय पदार्थ बनविण्याच्या कृती त्यात येतात. एखाद्याने कृती पाठविली की ती नुसती वाचली जात नाही. संपादक मंडळापैकी कोणाच्या तरी प्रयोगशाळेत ती दिल्याबरहुकूम करून पाहिली जाते, आणि तशी ती साधली तरच छापली जाते. करून पाहणाऱ्यांची नावेही कृतीबरोबर असतात. कोणत्या टप्प्यास भांडे तडकण्याचा धोका आहे, मिश्रणाचा रंग केव्हा पालटतो, किती उत्पन्न अपेक्षावे, अशा टिपा खाली दिलेल्या असतात. स्वयंपाकाच्या पुस्तकांनाही हा नियम लावला तर किती घरांतील जेवणे सुधारतील!

बहुतेक नियतकालिकांना एवढे शक्य नसते. तेथे निबंध दोन-तीन तज्ज्ञ परीक्षकांकडे जातो. हे परीक्षण मोलाचे असते, पण त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी: परीक्षकापुढे कागद असतो, चंबू नसतो. घरगुती युक्त्या छापणाऱ्या पानांना तर तेवढाही परीक्षक नसतो. न्हाणीघर लख्ख करण्यासाठी कपडे पांढरे करण्याचे द्रावण आणि फरशी धुण्याचे आम्ल एकत्र करावे, अशी सूचना कोठे वाचनात आली, तर ती लिहिणाऱ्याला रसायनशास्त्र येत नाही हे निश्चित. कारण त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. अशा वेळी बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली सूचना ही अधिक चांगली साक्ष होय.

नामांकित नियतकालिक, परीक्षक, मोठी संस्था, हे सर्व असूनही काय घडू शकते, हे २०१० च्या डिसेंबरात दिसले. अमेरिकेच्या नासा या संस्थेने वार्ताहर परिषद भरवून जाहीर केले की कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरात एक जिवाणू सापडला असून तो फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक, म्हणजे सोमलातील मूलद्रव्य, आपल्या शरीरघटनेत वापरू शकतो. निबंध 'सायन्स'मध्ये होता. रसायनशास्त्रज्ञांची पहिली शंका जुन्या ज्ञानातूनच आली: आर्सेनिकचे असे बंध पाण्यात क्षणार्धात तुटतात, मग आनुवंशिकतेची साखळी त्यावर टिकणार कशी? दुसरी शंका नमुन्याविषयीची होती. ज्या पोषकद्रवाला फॉस्फरसरहित म्हटले होते, त्यात अशुद्धी म्हणून थोडे फॉस्फेट होतेच, आणि काटकसरी जिवाणूला तेवढे पुरे होते. निबंध २०११ च्या जूनमध्ये छापील अंकात आला, तेव्हा त्याच्याबरोबर आठ आक्षेपही छापले गेले. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तोच जिवाणू वाढवून पाहिला. त्याला फॉस्फेट लागतेच, असे त्यांना आढळले.

तरीही मूळ निबंध जागेवरच राहिला. जुलै २०२५ मध्ये 'सायन्स'च्या संपादकांनी तो मागे घेतला. लेखकांवर लबाडीचा आरोप नव्हता, आणि लेखकांना तो निर्णय मान्यही नव्हता. प्रयोगांतून तो निष्कर्ष निघत नाही, एवढेच संपादकांचे म्हणणे होते. ज्या ग्रंथालयांतून २०११ चे बांधीव अंक आहेत, तेथे तो निबंध जसाच्या तसा आहे. त्याच्या पानावर कोणताही शिक्का नाही. तो मागे घेतल्याची नोंद चौदा वर्षांनंतरच्या अंकात आहे, आणि ती वाचकाला निराळी शोधून काढावी लागते.